आतड्यांचे नक्शानवीस

मोरेकाका कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की आधी मोरीत जात. "या, बसा" म्हणणारा यजमान दारातच राही आणि काका त्याला ओलांडून थेट आत. तिथे तांब्याभर पाणी ओतायचं, मान तिरकी करायची आणि ऐकायचं. पाणी सरळ गेलं तर बाहेर येऊन चहा घेत. रेंगाळलं तर आधी घरमालकाची खरडपट्टी काढत आणि मग चहा घेत. चहा मात्र त्यांनी कुठेच चुकवला नाही.

त्यांच्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही हैदराबादेतल्याच अफझलगंजला गेलो होतो. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, पोहे चांगले. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात काका ओल्या हाताने मोरीतून बाहेर आले आणि बैठकीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "पोरगा बरा हाय. पण घराचा उतार उलटा हाय. पाणी घरातल्या घरात फिरायलंय. जमणार न्हाई." मुलाच्या वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. स्थळ अर्थातच गेलं. पुतणीने पुढे दोन वर्षं काकांशी अबोला धरला होता, पण ते काकांच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही.

आडनाव मोरे आणि नोकरी मोरीची, असा हा योग. शहराच्या ड्रेनेज खात्यात काका तीस वर्षं नक्शानवीस होते. म्हणजे ड्राफ्ट्समन, पण जुन्या हैदराबादचा तो शब्द सोडून दुसरा कुठला वापरला की ते ऐकू न आल्यासारखं करत. गौलीगुड्यापासून अंबरपेठेपर्यंत कुठल्या गल्लीच्या पोटात कुठली नाली आहे हे त्यांना पाठ होतं. माणसांची नावं पाठ नव्हती. एकाच गल्लीत राहूनसुद्धा मी त्यांच्या लेखी बरीच वर्षं "कोपऱ्यावरच्या चेंबरसमोरचा पोरगा" होतो. वाघमारे हे नाव त्यांच्या तोंडी बसायला माझं लग्न व्हावं लागलं.

मग ते नवं आर्थिक धोरण आलं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ आलं, गच्च्यांवर डिश आल्या, किराणा दुकानात परदेशी कोला आला, आणि खात्यात कॉम्प्युटर आला. काकांनी त्याच्याकडे एक दिवस पाहिलं. "ह्याने कधी चेंबरात पाय घातलाय का?" असं साहेबाला विचारलं आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद भरून दिला. त्यानंतर ते गल्लीत मोकाट सुटले. लोक त्यांना पाहून मोरीचं दार लावून घेऊ लागले.

त्याच वाऱ्यावर आमच्या स्कॅन सेंटरमध्ये परदेशातून चुंबकाचं, म्हणजे एमआरआयचं, मशीन आलं. मी तिथे टेक्निशियन. रोग्याला त्या बोगद्यात सरकवायचं आणि आत ढोल वाजायला लागले की "हलू नका" असं तीन भाषांत ओरडायचं, हे माझं काम. आमच्या डॉक्टर पद्मजाबाईंना त्या मशीनवर एक नाद लागला होता. आपण तूप-तेल खातो, त्याचा अंश आतड्यात दुधासारखा पांढरा होतो आणि केसाएवढ्या नळ्यांतून वर चढत शेवटी मानेपाशी रक्ताला मिळतो. पुस्तकी मराठीत त्या लसिकावाहिन्या. बाईंना त्यांचा नकाशा हवा होता. मशीन फोटो काढी, पण पावाच्या कापांसारखे: एका फिल्मवर एक काप. ते सगळे जोडून एका माणसाचं एक चित्र करणारा हात त्यांना पाहिजे होता. "लिम्फॅटिक ड्रेनेज का मॅप बनाना है," त्या मला म्हणाल्या, "कोई अच्छा ड्रॉइंगवाला देखो जी."

पुढची चूक माझी, ती मी कबूल करतो. गौलीगुड्याच्या मराठी वाचनालयात मी पाटीवर सूचना लिहायला गेलो. "आतड्यांच्या" हा शब्द लिहायला हात धजेना. शेजारी दिवाळी अंक मांडलेले, समोर दोन म्हाताऱ्या धार्मिक पुस्तक वाचत बसलेल्या. तिथे आतडी कुठे लावायची? मी फक्त लिहिलं: "ड्रेनेजचे नकाशे काढणारा अनुभवी माणूस पाहिजे." खाली सेंटरचा पत्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पोचलो तर आवारातलं चेंबरचं झाकण बाजूला पडलेलं, त्यात कंबरेपर्यंत मोरेकाका, आणि भोवती उपाशीपोटी आलेले रोगी नाकाला रुमाल लावून उभे. डॉक्टरबाई गाडीतून उतरल्या.

"ये क्या कर रहे जी आप?"

"चेंबर तुंबेला है, मॅडम," काका आतून म्हणाले. "आगे पच्चीस कदम उतारच नहीं है. किसने बांधा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग काकांना हातपाय धुवायला लावून आत नेलं आणि फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. काकांनी चष्मा चढवला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कोणत्या मोहल्ल्याची लाइन?"

मी सांगितलं की ही आतड्याची लाइन आहे. दुसरा कुणी असता तर ओशाळून निघून गेला असता. काका खुर्ची ओढून बसले. "आन् ही फुटली तर?" बाई म्हणाल्या, फुटली तर ते पांढरं पाणी पोटात साठतं, पोट फुगतं, सुई घालून काढावं लागतं, पुन्हा साठतं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "दुधावानी पाणी ना?" ते म्हणाले. "मी उद्यापासून येतो."

कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या घरात तेच चाललं होतं. त्यांच्या बायकोचं, अनुसयाकाकूंचं, पोट दीड वर्षापासून फुगत होतं. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात नेऊन पाणी काढायचं, आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. तूप-तेल बंद, अंगावर मांस नाही आणि पोट तेवढं पुढे. कुठून गळतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एक जागा सापडली तर शस्त्रक्रिया करून ती बांधता येईल, एवढं डॉक्टर सांगत. मी हे बाईंच्या कानावर घातलं. बाई म्हणाल्या, उद्याच आणा त्यांना.

"आत्ता नको," काका म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करायला बसले.

त्यानंतरचे सहा महिने त्या माणसाने आमचं डोकं उठवलं. सेंटरच्या मागच्या खोलीत त्यांनी आपलं टेबल थाटलं. फिल्मवर पारदर्शक कागद, कागदावर काका, आणि तोंडाने अखंड बडबड. गाठींना ते चेंबर म्हणत. पाठीच्या कण्याजवळून वर जाणारी मोठी नळी म्हणजे मेन लाइन. सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात ती जागा अफझलगंज, आणि उजव्या बाजूचा फाटा अंबरपेठ. महिन्याभरात डॉक्टरबाईही तेच बोलू लागल्या. बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्यापुढे बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "इस पेशंट को अफझलगंज में ब्लॉक है." प्राध्यापकांनी रस्ता बदलून स्टेशनला जायची चौकशी केली.

काकांचा मोठा झगडा झाला तो उताराशी. लसिका खालून वर जाते हे कळल्यावर त्यांनी तीन दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. "उतार दाखवा" हे त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. बायकोने भांडण काढलं तरी "आधी उतार दाखव" म्हणणारा माणूस तो. चढावर जाणारी नाली त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं. "मोटर कुठाय?" बाईंनी सांगितलं, मोटर नाही, आपण श्वास घेतो आणि आतडं हलतं, त्या धक्क्याने वर चढतं. तेव्हापासून काका दिसेल त्याला "लांब श्वास घे, लाइन चालू ऱ्हाते" असा सल्ला देऊ लागले. आमचा वॉचमन त्या भानगडीत चक्कर येऊन पडला.

दुसरी खोड म्हणजे, दिसली नाही ती रेघ काढायची नाही. फिल्मवर नळी मध्येच पुसट झाली की काकांची पेन्सिल तिथेच थांबे. बाई म्हणत, पुढे ती इथेच जाते, पुस्तकात आहे, जोडून टाका. "पुस्तकातल्या मानसाची लाइन पुस्तकात," काका म्हणत. "ह्या मानसाची दाखवा, मग काढतो." बाई इंग्रजीतून चिडत, काका मराठीतून, आणि मधला मी दोघांचं अर्धंमुर्धं भाषांतर करून नोकरी टिकवत असे. अर्धे नकाशे तसेच तुटके राहिले. फिल्मच तशा येत होत्या.

इकडे अनुसयाकाकूंचं पोट फुगतच होतं. शेजारच्या बायका त्यांना पोळी-भाजी नेऊन देत आणि काकांच्या नावाने बोटं मोडत. मूलबाळ नाही, बघणारं कुणी नाही, आणि नवरा सकाळी नऊला लोकांची आतडी काढायला जातो तो सहाला येतो. माझी बायको तर सरळ म्हणाली, "त्या माणसाला स्वतःला आतडं नाही, म्हणून दुसऱ्यांची बघत हिंडतो." मला ते वाक्य एवढं आवडलं की मी सेंटरमध्ये चार जणांना ऐकवलं. पाचव्यांदा ऐकवताना काका मागे उभे होते.

मीच खजील होऊन उलट त्यांच्यावर चढलो. "काका, काकूंना आणत का नाही? बाई सहा महिन्यांपासून सांगतायत. नकाशे काढायचा तुम्हाला शौक, त्यांनी तोवर सुया टोचून घ्यायच्या का?"

"वाघमारे," काका म्हणाले, "नव्या लाइनीवर हात बसायला टाइम लागतो. तवर चुका होतात. त्या चुका तिच्या पोटावर कामून करू?"

तरीपण शौक तो शौकच, असं मी मनात म्हणालो. माझा स्वभाव असा आहे.

आणि मग त्यांनी तो शोध लावला, ज्याचं श्रेय अजून बाई त्यांना देतात. सेंटरच्या दारावर मोठी पाटी होती: रिकाम्या पोटी यावे. काका रोज तिच्याखालून जात. एके सकाळी ते पाटीसमोर थांबले आणि वळून बाईंच्या खोलीत घुसले. "मॅडम, ये सब लोगां उपाशी आते. उपाशी आदमी की नाली सूखी. सूखी लाइन का नक्शा कैसा निकलेगा? पानी छोडो ना पहले." खात्यात हेच करत म्हणे. लाइन सापडेना की वरून पाणी सोडायचं आणि बघायचं. बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ह्या नळ्यांतलं पाणी म्हणजे तूप-लोण्याचा अंश, हे त्यांनीच तर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ह्या तपासणीच्या रोग्यांना आधी वाटीभर मलई मिळू लागली. गौलीगुड्याच्या दूधवाल्याकडून घट्ट, साखर घातलेली. खाल्ल्यावर दोन-तीन तास बसवायचं आणि मग मशीनमध्ये. फिल्मवर जिथे धुकं दिसायचं तिथे पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या, एकेक सुटी. काका पेटीसमोर उभे राहून "पानी आलं, पानी आलं" म्हणत होते. सेंटरची कीर्ती वेगळ्याच कारणाने पसरली. एक गृहस्थ काहीही होत नसताना "जरासं पोटात दुखतंय" म्हणून तीनदा येऊन गेले.

तशा बारा-तेरा चांगल्या फिल्म झाल्यावर काका मला म्हणाले, "उद्या तिला आणतो."

अनुसयाकाकू रिक्षातून उतरल्या तेव्हा मी त्यांना ओळखलं ते पातळावरून. बोगदा पाहून त्यांनी मान हलवली. "मी न्हाई जाणार त्याच्यात." काकांनी समजूत काढायच्या भानगडीत न पडता बूट काढले, वाटीभर मलई खाल्ली, पुरे तीन तास बाकावर बसले आणि स्वतः आत जाऊन झोपले. बाईंना निरोगी माणसाची फिल्म हवीच होती. पाऊण तास ढोल वाजले. बाहेर येऊन काका म्हणाले, "लगीनघरात याच्यापरीस जास्त कालवा असतो." त्यांची फिल्म सुरेख आली होती. एक नळी एका गाठीला वळसा घालून पुढे गेली होती, तशी आम्ही आणखी कुणात पाहिली नव्हती. काका तिच्यावर फारच खूश झाले.

मग काकूंची पाळी. अंगावर धातू चालत नाही. जोडवी निघाली, बांगड्या निघाल्या, मंगळसूत्राशी त्यांचा हात अडला. काकांनी खिशातून पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढलं आणि त्यांच्या गळ्यात बांधलं. घरून घेऊन आले होते. मग मलईची वाटी दिली. दोन वर्षांत काकूंच्या जिभेला तुपाचा थेंब लागला नव्हता. त्यांनी डोळे मिटून ती सावकाश खाल्ली, वाटी बोटाने पुसली, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "नकाशा रोज काढायला पायजे."

त्या फिल्मवर काका दहा दिवस बसले. चहासुद्धा थंड होऊ देत. अकराव्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. बाईंची मान खाली होती. "एक जगह होती तो बांध देते थे, मोरे साब. ये तो पूरी लाइन से रिस रहा है. नीचे से ऊपर तक."

"हौ," काका म्हणाले. "मीच काढलंय की." त्यांनी आपला कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. जिथे जिथे गळत होतं तिथे लाल ठिपका होता. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. आता पोट फुगलं की पाणी काढायचं आणि जेवढे दिवस जातील तेवढे घालवायचे, ह्यापलीकडे काही नव्हतं. काकांनी बाईंना नमस्कार केला, मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मी दोनदा दारापर्यंत गेलो. आत पेन्सिल चालल्याचा आवाज होता. अजूनही ह्याचं नकाशांचं वेड सुटत नाही, असं वाटून मला त्यांचा राग आला.

आठवड्याने मी आणि बायको काकूंना भेटायला गेलो. काका औषध आणायला गेले होते. बायको चहा करायला आत गेली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, नेहमीपेक्षा हुशारीत. "बघा वाघमारे," त्या म्हणाल्या, "माझ्या पोटाचा नकाशा." उशाखालून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. "एवढंसंच हाय म्हणायलेत. आपोआप भरून येतं म्हणे. सुई घ्यायची आन् धीर धरायचा."

मी कागद उलगडला. काळ्या शाईने काढलेला स्वच्छ नकाशा, एकही रेघ तुटलेली नाही. डाव्या बाजूला एक छोटासा लाल ठिपका. आणि मधोमध एक नळी एका गाठीला वळसा घालून पुढे गेली होती.

तो नकाशा काकूंचा नव्हता, मोरेकाकांचा होता. न पाहिलेली रेघ त्या माणसाला बायकोसाठीसुद्धा काढता आली नव्हती. म्हणून त्याने स्वतःच्या पोटातली सगळी धडधाकट वाट तिला काढून दिली होती, रेघ न् रेघ खरी, आणि खोटा फक्त तो एक ठिपका. ह्याच माणसाला आतडं नाही, असं मी चार जणांना हसत सांगितलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की कागद धरून मी तसाच बसलो.

"माझाच हाय ना हा?" काकूंनी विचारलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हौ काकू. तुमचाच."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "तीस वर्षं झाली, ह्यांनी सहीबिगर कागद घरात आणला न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर सही न्हाई."

बाहेर फाटकाची कडी वाजली. काकूंनी कागदाची घाईने घडी घातली आणि उशाखाली सारली.

"तुम्ही काई इचारू नका त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "नकाशा बघून मला लई बरं वाटायलंय, म्हणून सांगा."